सोयरिकीची चौकशी



हिवऱ्याचे सरपंच गुलाबराव भोईटे रांग मोडून सरकारी दवाखान्यात शिरले. त्यांच्या मुलाची सोयरीक शेलारांच्या नंदाशी जुळत होती, आणि नंदा काल दवाखान्यात येऊन गेल्याचे त्यांच्या कानावर आले होते.

"सिस्टर, पोरीला काय झालंय? आजार असला तर सोयरीक मोडलेली बरी."

"पेशंटची गोष्ट दुसऱ्याला सांगता येत नाही, सरपंच," केवडा सिस्टर म्हणाल्या. "कायद्यात त्याला गोपनीयता म्हणतात."

"गावात कायदा माझा चालतो! बोला, नाहीतर बदली करतो."

सिस्टर जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सांगते. पण परवा एक जण तुमच्याबद्दलही हेच विचारत होता. मी तोंड उघडलं नाही. आता त्यालाही सांगू ना?"

गुलाबरावांच्या पायाखालची जमीनच सरकली. आपण स्वतःच्या आजाराचे औषध मागच्या दाराने नेतो, हे कुणाला कळले?

"को... कोण विचारत होता?"

"तेही गोपनीयच."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबराव स्वतः शेलारांकडे सुपारी फोडायला गेले. नंदाच्या तब्येतीचे त्यांनी अवाक्षर काढले नाही. शेलारांनीही त्यांच्या तब्येतीचे विचारले नाही, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.