करंजखिंडीच्या खुंट्या

“सून पाहताना सगळं पाहिलं; तोंडात जीभ आहे का, तेवढं पाहायचं राहिलं.”

करंजखिंडीच्या पायथ्याशी जी खानावळ आहे, तिच्या दाराबाहेर सागवानी खुंट्यांची रांग आहे. येणारा माणूस टोपी, फेटा, हल्ली हेल्मेटसुद्धा तिथे अडकवतो आणि बोडक्यानेच पानावर बसतो. कुणी न काढता आत गेला, तरी त्याला हटकत नाहीत. या रिवाजाचे मूळ वरच्या वाक्याच्या दिवसात आहे, असे सांगतात. ते सासूने सासऱ्यांच्या कानाशी म्हटले होते. पण चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या नव्या सुनेने, येसूने, ते ऐकले. तिने भाकरी उलटली.

सासरे अंताजीशेट खानावळीचे मालक. डोक्याला पागोटे नसेल त्याला आत पाऊल नाही, हा त्यांचा नियम. बोडका माणूस म्हणजे सुतकातला. तो पंगतीला बसला तर अब्रूदार गिऱ्हाईक उठून जाईल, असे त्यांचे म्हणणे, आणि ते अगदीच खोटे नव्हते. वाटसरू मग नाना सोंगे काढीत. कुणाचे पागोटे माकडाने पळवलेले, कुणाचे ओढ्याला वाहून गेलेले. शेटजी बधत नसत. नियम सुनेलाही होताच: पदर नाकाखाली. त्यामुळे येसूला घरी येणाऱ्यांचे चेहरे ठाऊक नव्हते. ती माणसे हातापायांवरून ओळखायची.

त्या दिवशी तिचा नवरा बैल घेऊन खिंडीपलीकडून तांदूळ आणायला गेला होता. घरातला एकुलता दोर पोत्यांसाठी त्याच्याबरोबर गेलेला. दुपारची पंगत बसली असताना एक धनगर धापा टाकीत उंबऱ्याशी आला. बोडका.

“खिंडीत माणूस दरडीला लटकलाय! माझं मुंडासं सोडलंय खाली, पुरत न्हाई. दोर द्या!”

“वा शेटजी, हे सोंग नवं आहे,” पंगतीत कुणी तरी म्हणाले.

अंताजीशेट दारात हात आडवा घालून उभे राहिले. “आधी डोकं झाक, मग बोल.”

“घरचं कुणी गेलंय का रे?” दुसऱ्याने विचारले.

“गेलं न्हाई अजून,” धनगर म्हणाला.

पंगत हसली. सगळ्यांचे डोळे त्याच्या डोक्यावर. माजघराच्या दाराआडून येसूला पदराखालून डोके दिसतच नव्हते. तिला दिसला सोलवटलेला हात, आणि त्या हातात लाल गोंड्याचा चाबूक. तो गोंडा तिनेच सकाळी बांधला होता.

तिने पदर मागे सारला, म्हणे, आणि उष्ट्या पानांमधून वाट काढीत थेट उंबऱ्यापर्यंत गेली.

आजही येसूची आणि तिच्या नवऱ्याची पतवंडे ती खानावळ चालवतात. आजही शेवटच्या खुंटीवर जुन्या पागोट्यांचे एक वेटोळे टांगलेले आहे. एकाला एक गाठ मारलेली, मधेच एक जाडेभरडे मुंडासे. गाठी कुणी सोडवल्या नाहीत. अंताजीशेटांनी पुढे कधी डोक्याला काही बांधले नाही, असे म्हणतात. आणि येसू त्या दिवशी काय बोलली, हे घरातली मोठी सून पाहुण्यांना आजही सांगते, वाढता वाढता, जसेच्या तसे:

“मामंजी, डोकी बघणं पुरे. त्याच्या हातात आपला चाबूक आहे. सोडा ती पागोटी सगळ्यांनी, आणि बांधा एकाला एक!”