गाळातले सोने

फार पूर्वी सोनारवाडीखालच्या तळ्यात मासे, एक बेडकी आणि गाळातले जिवाणू राहत. एकदा सोनारांच्या भट्टीवरचे, सोने विरघळलेले विषारी पाणी तळ्यात उतरले आणि मासे मेले.

“बाबांनो, निघा इथून,” बेडकी जिवाणूंना म्हणाली.

“आम्ही कुठे जाणार, ताई? हे विष आम्ही पोटात घेतो,” म्हातारा जिवाणू म्हणाला.

बेडकी गेली. विष पिऊन पुष्कळ जिवाणू मेले. उरलेल्यांच्या पोटात त्यातल्या सोन्याचे अतिसूक्ष्म कण झाले आणि पाणी निवळले.

वर्षाने बेडकी परतली. “तुमच्या पोटात सोने आहे म्हणतात. भाग्यवान आहात!”

“आम्हाला फक्त पाणी हवे होते, ताई. त्यासाठी निम्मे भाऊबंद गेले.”

बेडकीने त्याच पाण्यात अंडी घातली.