खाडीतली उजळणी

"...आणि पाण्यातून जमिनीवर आधी कोण आलं?"

"झाडं, सर. प्राणी मागाहून. झाडांनी आधी जमीन हिरवी केली, म्हणून प्राण्यांना वर येऊन खायला काही मिळालं."

"बरोबर," नाबर सर म्हणाले.

विश्रामनं मनातल्या मनात कपाळावर हात मारला. सकाळपासून हेच चाललं होतं. सर विचारत होते, तो सांगत होता, आणि सर 'बरोबर' म्हणून पुन्हा खाडीकडे बघत होते.

दोघं खाडीच्या बांधावर बसले होते. पाणी ओसरून पार मधल्या धारेपर्यंत गेलं होतं, आणि इकडे बांधापासून तिकडे कांदळवनापर्यंत नुसता काळा, ओला चिखल चमकत होता.

हा चिखल म्हणजे नाबर सरांचा वर्ग. कॉलेजात शिकवत होते तेव्हापासूनची त्यांची रीत होती. बारावीची परीक्षा जवळ आली की पोरांना ओहोटीला खाली उतरवायचं, आणि झाडापासून माणसापर्यंत सगळ्या जीवशास्त्राची उजळणी एका सकाळीत इथंच करायची. निवृत्त झाले तरी त्यांनी ती सोडली नव्हती. आता मात्र गुडघे बोलायला लागले होते.

विश्राम त्यांचाच विद्यार्थी. घाटपायथ्याच्या गावातून आलेला, बुद्धीनं तल्लख. विद्यापीठात पहिला येऊन तो त्याच कॉलेजात शिकवायला परतला होता. उद्याची उजळणी त्यानं घ्यावी असं प्राचार्यांचं मत होतं. पण तेही म्हणाले होते, "नाबर सरांना विचारून ये. खाडी त्यांची आहे."

म्हणून तो आला होता. आणि शाळकरी पोरासारखी तोंडी परीक्षा देत बसला होता.

"झाड श्वास घेतं?"

"घेतं की."

"हे कुठून घेतं?" सरांनी काठीनं तिवराच्या झाडाखाली दाखवलं. चिखलातून बोटाएवढी मुळं टोकं वर करून उभी होती, जणू कुणी पेन्सिली रोवून ठेवल्यात.

"त्या मुळांवाटेच. चिखलात हवा नसते, म्हणून ती वर येतात."

"खारं पाणी पितं. मिठाचं काय करतं?"

"पानांवाटे बाहेर टाकतं. पान चाटलं तर खारट लागतं."

"कांदळाचं बी कुठं रुजतं?"

"झाडावरच. खाली पडतं ते रोप होऊनच."

"बरोबर."

"आणि सर, तुम्ही पुढं विचारणार ते आधीच सांगतो. उत्क्रांती म्हणजे शिडी नव्हे. माणूस वरच्या पायरीवर बसलेला नाही. एकाच झाडाच्या फांद्या आहेत सगळ्या, आणि आपण त्यातली एक."

सरांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून पाहिलं.

"हेही बरोबर," ते म्हणाले.

"मग उद्या मुलांना मी नेऊ?"

"नको."

विश्रामला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"...नको?"

"नको."

"माझं चुकलं कुठं?"

"कुठंच नाही."

"मग?"

सरांनी नजर पुन्हा खाडीकडे वळवली. कांदळवनात कुठंतरी एक खंड्या ओरडला आणि गप्प झाला.

विश्रामच्या कानशिलांत रक्त चढलं. दोन वर्षं हा माणूस आपल्याला 'माझा विद्यार्थी' म्हणून चारचौघांत मिरवतो, आणि प्रत्यक्ष द्यायची वेळ आली की 'नको'! तो उठून उभा राहिला.

"खरं सांगू, सर? तुम्हाला हे कुणाच्या हाती द्यायचंच नाही. मीच काय, कुणीही आलं असतं तरी तुम्ही हेच म्हणाला असता."

सरांना राग आला नाही. निदान तसं दिसलं तरी नाही. त्यांनी फक्त विचारलं, "निवटी पाहिली आहेस?"

"पाहिली आहे. मासा आहे. चिखलावर चालतो. कल्ल्यांत पाणी धरून ठेवतो, ओल्या कातडीतूनही श्वास घेतो."

"कुठं पाहिलीस?"

"तुमच्याबरोबरच. बारावीत असताना, इथूनच, बांधावरून. शिवाय प्रयोगशाळेत आहेच बरणीत."

"बरणीत..." सर पुटपुटले.

तेवढं पुरलं. विश्रामनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"थांबा. जिवंत आणूनच दाखवतो."

"तिकडून नको, विश्राम. तिवराच्या मुळांवरून जा. मधे जमीन पोकळ आहे."

पण त्याला आता काही ऐकायचं नव्हतं. समोर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, एक निवटी चिखलावर बसून डोळे वटारत होती. तो बांधावरून उतरला आणि सरळ तिच्या दिशेनं चालू लागला.

सुरुवातीला चिखल घोट्यापर्यंतच होता. मग पोटरीपर्यंत आला. निवटीनं एक उडी मारली आणि पुढं जाऊन बसली. तो तिच्या मागे गेला. तिनं आणखी एक उडी मारली...

पुढच्या पावलाला जमीन लागलीच नाही.

उजवा पाय मांडीपर्यंत गेला. तो काढायला त्यानं डाव्या पायावर जोर दिला, तर डावाही गेला. त्यानं पुन्हा उजवा ओढला. खालून कुणीतरी घोटा पकडल्यासारखं झालं. पाय निघाला नाही, उलट तोच वीतभर आणखी खाली गेला.

"सर!"

"हलू नकोस," बांधावरून आवाज आला.

हलू नकोस म्हणे! त्यानं खच्चून जोर लावला. आता चिखल कमरेच्या पट्ट्याला लागला. आणि तेव्हा त्याला दुसरं काहीतरी दिसलं. मधल्या धारेचं पाणी धारेत राहिलं नव्हतं. चिखलातल्या बारीक बारीक चरांतून ते इकडे येत होतं. फेस नाही, आवाज नाही, आपलं येत होतं.

भरती लागली होती.

त्यानं आजूबाजूला पाहिलं. होड्या पलीकडच्या काठाला. बांधावर सरांशिवाय चिटपाखरू नाही.

सर काठी टेकत तिवराच्या मुळांवरून येत होते. किती हळू! मुळं संपली तिथं ते थांबले. त्यांच्यात आणि विश्राममध्ये तो पोकळ चिखल होता.

"काठी द्या, सर! ओढा मला!"

सरांनी काठी बाजूला टाकली.

आणि मग त्या सत्तरी उलटलेल्या माणसानं, ज्याच्या पाया पडायला अर्धा तालुका वाकत असे, पांढऱ्या सदऱ्यानिशी स्वतःला चिखलात पालथं घातलं. पोट टेकवलं, छाती टेकवली, गाल टेकवला. हातांचे कोपर बाजूला काढून ते सरपटत पुढं येऊ लागले. पाणी त्यांच्या हनुवटीला लागत होतं.

विश्राम क्षणभर आपली भीतीही विसरला.

हात लांब केला तर जेमतेम बोटं लागतील इतक्यावर येऊन सर थांबले.

"हात द्या..."

"हात दिला तर दोघंही जाऊ. माझ्याकडे बघ. असा हो."

"तोंड पाण्यात जाईल, सर!"

"जाऊ दे."

"मी बुडेन!"

"उभा राहिलास तर बुडशील."

विश्रामला ते कळत होतं. अंग जेवढं पसरेल तेवढं वजन वाटलं जाईल, हे तो फळ्यावर आकृती काढून समजावू शकला असता. पण अंग ऐकेना. पाठीचा कणा काठीसारखा ताठ झाला होता. पाणी बेंबीशी आलं, आणि तो मान उंच, आणखी उंच करत राहिला.

"सर, मला जमत नाही... खरंच जमत नाही..."

तेव्हा सरांची पुस्तकी मराठी सुटली.

"उभो रवू नको, मेल्या! पालथो पड! पोट चिखलाक लाव!"

इतक्या वर्षांत सरांना असं ओरडताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं. त्या आवाजात राग नव्हता. आई विहिरीच्या काठावरच्या पोरावर ओरडते, तसा तो आवाज होता.

विश्रामनं डोळे मिटले आणि स्वतःला पुढं झोकून दिलं.

खारट पाणी नाकात गेलं. चिखल ओठांवर, डोळ्यांत, कानांत. एक क्षण त्याला वाटलं, संपलं. मग छातीखाली चिखल लागला, आणि छाती खाली गेली नाही. त्यावर ती टेकून राहिली.

"आता पाय ओढू नकोस. नुसते हलव. पाणी जाऊ दे खाली. सावकाश..."

तो हलवत राहिला. किती वेळ, कुणास ठाऊक. मग खालून एक मोठा ओला आवाज झाला आणि डावा पाय सुटला. चप्पल तिथंच राहिली. थोड्या वेळानं उजवाही सुटला.

सर वळले होते. ते पुढं सरपटत होते, तो मागे. जिथं त्यांचं कोपर टेके, तिथंच तो कोपर टेकवी. कालवांच्या शिंपांनी हात फाटत होते, त्याचे आणि सरांचेही. मागून पाणी येत होतं.

तिवराची मुळं हाताला लागली तेव्हा विश्रामनं ती दोन्ही मुठींत धरली आणि तो लहान मुलासारखा रडला.

पुढं ते बांधावर कसे पोचले ते त्याला नीटसं आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच, की दोघं शेजारी शेजारी बसले होते. जिथं विश्राम मघाशी उभा होता, तिथं आता नुसतं पाणी होतं. सपाट, निवांत, काही झालंच नसल्यासारखं.

"तुम्हाला काही झालं असतं तर..." विश्राम म्हणाला.

सर सदऱ्याचा घोळ पिळत होते. काळं पाणी दगडावर गळत होतं.

मग विश्रामच पुन्हा बोलला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येत नव्हता.

"सर, उद्या मुलांना इथं उतरवू नका. कुणाबरोबरच नका."

"का?"

"एखादं पोर पुढं गेलं तर? मी हाक मारीन आणि ते ऐकणार नाही. मी नाही ऐकलं... तसंच. त्याच्यापर्यंत मला पोचता आलं नाही तर काय करू? मला भीती वाटते, सर. फार भीती वाटते."

सर पिळायचे थांबले.

कितीतरी वेळ ते त्याच्या चिखलानं माखलेल्या तोंडाकडे बघत राहिले...

"उद्या किती वाजता नेतोस त्यांना?"