राजेसाहेबांच्या मोटारीतली अंगठी

मोटारीतली वस्तू चोरीला गेली, की चोर सोडून ड्रायव्हरलाच का धरतात?

म्हसू लोहाराने हे फौजदाराला विचारलं, कारभाऱ्यांना विचारलं, देवळातल्या गुरवालाही विचारलं. उत्तर कोणीच दिलं नाही. दुसरीतून शाळा सोडलेल्याला उत्तर द्यायची सक्ती थोडीच असते!

त्याचा थोरला भाऊ भिवा तांबुळगडच्या राजेसाहेबांची मोटार चालवायचा. अख्ख्या संस्थानात मोटार एकच, तीही उघडी. वर कापडी छप्पर, दारांना कुलूप नाही, आणि दारांच्या कातडी खिशांत सरकारांची अत्तरदाणी, पानाचा चांदीचा डबा, असला सगळा सरंजाम. शिमग्याच्या बाजारात अत्तरदाणी गेली आणि ठपका भिवावर आला. पुढे पंधरा दिवसांत भिवा तापाने गेला, पण ठपका काही गेला नाही. तेराव्याला निम्मी आळी जेवायला आलीच नाही. ठकूवहिनी भाताचं पातेलं धरून तशीच उभी राहिली. ते पाहून म्हसू जो उठला, तो खरकट्या हातानेच राजवाड्यावर.

तिथे त्याने एका दमात सांगून टाकलं, की त्या मोटारीत देवाचा टाक ठेवला तरी चोरीला जाईल, दादा काय करणार? माणसाने चाक धरायचं की खिसे?

राजेसाहेब रायाजीराव पक्के हट्टी. कोणी उलट बोललं, की त्यांची मिशी आपोआप थरथरायची. ती थरथरली. "सांभाळणाऱ्याला मोटारीतही सांभाळता येतं," असं म्हणून त्यांनी बोटातली हिऱ्याची अंगठी काढली. येत्या रविवारी भर बाजारात मोटार उभी राहील. कुलूप नाही, पहारा नाही, ड्रायव्हर नाही. म्हसूने अंगठी मोटारीतच कुठेतरी ठेवायची आणि स्वतः शंभर पावलांवर बसायचं. उन्हं उतरताना अंगठी मिळाली तर हवं ते मागावं. नाही मिळाली, तर ठकूवहिनीने भिवाला वाड्याकडून मिळालेली खोली सोडून संस्थानाबाहेर जावं.

"कबूल," म्हसू म्हणाला. "पण सरकार, तुमच्या बाकीच्या वस्तूही रोजच्या जागी असू द्या."

बाहेर आल्यावर त्याला आठवलं, की आपल्याला काहीच सुचलेलं नाही.

शनिवारपर्यंत त्याने पन्नास जागा शोधल्या. गादीखाली ठेवू, असं वहिनीला सांगितलं, तर ती म्हणाली, "भावजी, मी चोर असते तर आधी तिथंच बघितलं असतं." टपाखाली? तिथंही बघितलं असतं. शेवटी ती वैतागून म्हणाली, की मला चोर व्हायचं शिकवता की घर वाचवता?

रविवारी सकाळी कारभाऱ्यांनी अंगठी त्याच्या हातावर ठेवली आणि ठरल्याप्रमाणे पाठ फिरवली. म्हसूने आपलं काम उरकलं आणि तो शंभर पावलं मोजून गूळवाल्याच्या पालाखाली जाऊन बसला.

बाजार भरला. आधी पोरं आली आणि मोटारीचा रबरी भोंगा दाबून पळाली. पों! मग पोरांना रागवायला आयाबाया आल्या, त्यांनीही दाबून पाहिला. एका नव्या नवरीने लाजत दाबला, तिच्या सासूने न लाजता दाबला. डोंगरापलीकडच्या एका म्हाताऱ्याने सतरा वेळा दाबला आणि हे जनावर वासरू देतं का, अशी चौकशी केली. एक शेळी मागच्या गादीवर चढली आणि छपराची झालर खाऊन उतरली. म्हसूने गूळ खाल्ला, घाम पुसला, परत गूळ खाल्ला.

उन्हं उतरली तसे राजेसाहेब आले. पानाचा डबा नव्हता. दुर्बीण नव्हती, छत्री नव्हती, सिगारेटची डबी नव्हती, पाठीची मखमली उशीसुद्धा नव्हती. राजेसाहेबांनी स्वतः गाद्या उचलल्या, टप झटकला, चटया उलथल्या. अंगठीचा पत्ता नाही.

"खोली रिकामी करा," ते गरजले आणि मोटारीत चढले. पण तमाशा पाहायला अख्खा बाजार पुढे लोटला होता. संतापून राजेसाहेबांनी भोंग्यावर मूठ आवळली. पों! पों! पों!

म्हसूला हसू आवरेना. महिनाभर न हसलेला माणूस, हसता हसता वाकलाच.

"दात काय काढतोस?"

"सरकार, अंगठी तुमच्या मुठीत आहे."

राजेसाहेबांनी चटका बसल्यासारखा हात काढला. म्हसूने भोंग्याचा रबरी फुगा पिरगाळून काढला, आत बोट घातलं आणि कापसाचा बोळा ओढला. बोळ्यात अंगठी चमकत होती.

"सबंध बाजाराने दाबली, सरकार. पण न्यायची कशी? हात लावला की ही बोंबलते."

राजेसाहेबांनी अंगठी बोटात घातली आणि मिशीवर ताव दिला. सांभाळता येतं, हे त्यांचंच म्हणणं खरं ठरलं होतं. तेवढ्यात म्हसू पुढे म्हणाला, "आणि बाकीच्या पाच वस्तू गेल्या. मी शंभर पावलांवर होतो, गूळवाला साक्षीला आहे. ड्रायव्हर तर नव्हताच. तर आता, सरकार, कोणाला धरू या?"

राजेसाहेबांनी कारभाऱ्यांकडे पाहिलं. कारभाऱ्यांनी शेळीकडे पाहिलं. आणि राजेसाहेब असे हसत सुटले, की पगडी घसरून मांडीवर आली. "हरलो रे लोहारा! ही अंगठी घे. खोली तुझ्या वहिनीची, कायमची. आणखी काय हवं?"

"दवंडी," म्हसू म्हणाला.

दवंडीवाल्याला बोलावलं. पण तो डफ सावकाश शेकू लागला, तेवढाही दम म्हसूला निघेना. त्याने डफ हिसकावला, मोटारीच्या पुढच्या पत्र्यावर उडी मारली आणि राजेसाहेबांच्या पुढ्यात उभं राहून ओरडला, की भिवा बाळू लोहार चोर नव्हता, सरकारांचा हुकूम आहे, ऐका हो ऐका! मग खाली उतरून तेच बाजाराच्या एकेका कोपऱ्यावर. चौथ्या कोपऱ्यावर त्याचा आवाज बसला. तरी दादाचं नाव त्याने पुरतं घेतलं, बापाच्या नावासकट.