चार रानांची सभा आणि सांबरीण

एका खोल दरीतल्या जंगलात सांबरांचा एक मोठा कळप राहत असे. एक वयस्क सांबरीण त्या कळपाची म्होरकी होती. वाघाची चाहूल सगळ्यांआधी तिलाच लागे, म्हणून सारा कळप तिच्या शब्दाबाहेर नसे.

एका पावसाळ्यात डोंगराची दरड कोसळली आणि दरीतला ओढा मधेच तुंबला. जिकडेतिकडे चिखल झाला. थंडी सरली तरी तो सुकेना. त्या चिखलात वावरून सांबरांच्या खुरांना जखमा होऊ लागल्या. आधी एक म्हातारा नर लंगडू लागला, मग त्याच्या मागून आणखी काही जण. एके सकाळी सांबरिणीचे स्वतःचे पाडस उठता उठता कळवळले आणि पुन्हा खाली बसले. तिने त्याचा पाय चाटून पाहिला. खुराच्या फटीत जखम चिघळली होती.

मुलांनो, अशा वेळी कुणीही शेजाऱ्याला हाक मारली असती. पण सांबरीण गप्प राहिली, आणि त्याला कारण होते. मागे एकदा नदीकाठच्या रानात डुकरांना खरूज झाली होती. ते कळताच बाकीच्या रानांनी त्यांच्या वाटा बंद केल्या. ऐन उन्हाळ्यात डुकरे कंदमुळांवाचून उपाशी राहिली. खिंडीत वाट अडवून उभ्या राहिलेल्यांमध्ये ही सांबरीणही होती. आता तीच पाळी आपल्यावर येईल, याची तिला धास्ती वाटत होती.

त्या मुलखात एक रीत होती. पळस फुलला, की चारही रानांचे प्रमुख नदीच्या संगमावर सभेला जमत. डोंगरमाथ्यावरून गवा येई, नदीकाठचे रानडुक्कर येई, माळरानावरून चिंकारा येई आणि दरीतून सांबरीण. संगमातले म्हातारे कासव कोणत्याच रानाचे नव्हते, म्हणून सभा चालवण्याचा मान त्याचा.

त्या वर्षी निघताना दरीतला कोल्हा सांबरिणीबरोबर आला. बोलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

वाटेत तो म्हणाला, "ताई, तुम्ही नुसत्या उभ्या राहा. बोलायचं ते मी बोलतो. घरचं दुखणं चव्हाट्यावर मांडायचं नसतं."

"पण पोरं लंगडतायत रे," सांबरीण म्हणाली.

"लंगडू देत. तुम्ही तिकडे लंगडू नका म्हणजे झालं!"

सभा सुरू झाली. कोल्ह्याने पुढे होऊन दरीचे असे काही वर्णन केले, की ऐकणाऱ्याला वाटावे, स्वर्ग स्वर्ग म्हणतात तो हाच. मग गव्याने बसल्या जागेवरूनच आपल्या कळपाच्या ताकदीचे गोडवे गायले. रानडुकराने गुडघाभर पाण्यात उभ्या उभ्या सांगितले, की नदीकाठी सारा आनंदीआनंद आहे. चिंकारा मुळातच बुजरा. "आमचं बरं चाललंय," एवढेच तो बोलला.

कासवाने सगळ्यांवरून नजर फिरवली. "बाबांनो, दरवर्षी तुम्ही इतक्या लांबून येता, ते काय नुसतं हेच ऐकायला? कुणाला काही अडचण असेल तर सांगा."

"छे छे! अडचण कसली?" कोल्हा चटकन म्हणाला. गव्यानेही मान हलवली.

सांबरीण खाली बघत उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर पाडस आले. सकाळी ते तिच्यामागे यायला निघाले होते आणि चार पावलांवरच बसून राहिले होते. आता गप्प बसून परत गेले, तर त्याला काय सांगायचे? रान मोठे सुंदर असल्याचे सांगून आले, असे?

"मला आहे अडचण," ती म्हणाली.

कोल्ह्याने तिला शेपटीने डिवचले. तिने तिकडे लक्ष दिले नाही.

"आमच्या दरीत खुरांचं दुखणं आलंय. निम्मा कळप लंगडतोय. माझं पाडससुद्धा. आम्हाला एकट्यांना हे आवरत नाही."

सभेत एकदम गलका झाला. चिंकारा उडी मारून मागे सरला. "आणि हे आता सांगताय?" गवा गरजला. "दुखणं घेऊन आमच्यात येऊन बसलात? बंद करा त्यांची वाट!"

"मी तर यांना सांगतच होतो," कोल्हा पुटपुटला आणि हळूच सांबरिणीपासून दूर जाऊन बसला.

सांबरीण जागची हलली नाही. "वाट बंद करा. मीही एकदा डुकरांची वाट अडवली होती, त्यामुळे तुम्हाला बोल लावायचा हक्क मला नाही. पण गवेदादा, थंडी सरताच तुमचा कळप आमच्याच ओढ्यावर उतरतो. डुक्करदादा, तोच ओढा पाझरत तुमच्या नदीकाठी येतो. आमची वाट अडवाल, पण पाण्याची वाट कशी अडवणार?"

मग पाण्यात खळबळ झाली. रानडुक्कर हळूहळू वर आले आणि त्याने आपला पुढचा पाय सगळ्यांसमोर धरला. खुराला सूज होती.

"पाण्यात बरं वाटतं म्हणून उभा होतो," ते म्हणाले. "मागच्या खेपेला खरं सांगितलं आणि उपाशी मेलो. म्हणून यंदा झाकलं."

आता सगळ्यांच्या नजरा गव्याकडे वळल्या. एवढा थोरला गवा, पण त्याची मान खाली गेली. तो कसाबसा उठला. त्याचाही मागचा पाय टेकत नव्हता.

उरला चिंकारा. चौघांत ज्याच्या रानात दुखणे नाही, असा तोच एकटा. त्याने एका उडीत पळ काढला असता, तरी त्याला कुणी नाव ठेवले नसते. बराच वेळ तो कधी मागच्या वाटेकडे बघे, कधी सांबरिणीकडे.

"आमच्याकडे कुणालाच असं झालेलं नाही," शेवटी तो म्हणाला. "माळ कोरडा आहे. पायाखाली तापलेली खडी. ओल टिकतच नाही. तुमची दुखणाईत मंडळी माळाच्या उतारावर येऊन राहू देत. पण आमच्या पाडसांच्या चरायच्या जागेत यायचं नाही, आणि पाणवठा वेगळा ठेवायचा. हे पाळाल?"

"पाळू," सांबरीण म्हणाली.

"मग दरड कोण काढणार?" कासवाने विचारले.

"मोठे दगड आम्ही ढकलतो. धडधाकट आहेत तेवढे आणतो," गवा म्हणाला.

"आणि गाळ उकरायला आम्ही आहोत की," डुक्कर म्हणाले. "ते तर आमचं आवडीचं काम!"

कोल्हा गुपचूप निघू लागला होता. कासवाने त्याला थांबवले. "तुझे पाय चपळ आहेत. कुठल्या रानात कोण आजारी आहे, कोण बरं झालं, ते रोज चारही रानांना सांगायचं. आणि गोड करून नाही, जसं असेल तसं!" कोल्हा ओशाळला, पण त्याने काम पत्करले.

मुलांनो, पुढचे सगळे काही सुरळीत पार पडले असे नाही. काही चिंकारे रुसून माळाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले. एका गव्याने वेगळ्या पाणवठ्याचा नियम मोडला, त्यावरून मोठे भांडण झाले. सांबरांचा तो म्हातारा नर काही वाचला नाही. तरी काम थांबले नाही. गव्यांनी दगड हलवले, डुकरांनी गाळ उपसला आणि एके दुपारी तुंबलेला ओढा खळखळत मोकळा झाला. इकडे कोरड्या माळावर दुखरे खूर हळूहळू भरून येऊ लागले.

एक दिवस सांबरीण उतारावर चरत होती. अचानक तिला टप् टप् असा आवाज ऐकू आला. दरीतल्या मऊ मातीत खुरांचा असा आवाज कधी होत नसे. तिने दचकून मान वर केली. तिचे पाडस खडकावरून धावत होते आणि हद्दीची झुडपांची रेघ न ओलांडता पलीकडून चिंकाऱ्याची पिल्ले त्याच्याशी शर्यत लावत होती. "जपून रे!" असे ती ओरडणार होती, पण ओरडली नाही. ती नुसती बघत राहिली.

तात्पर्य : सर्वांवरचे संकट लपवून ठेवले तर ते सर्वांना बुडवते; पण एकाने धीर करून ते मोकळेपणाने सांगितले आणि बाकीच्यांनी वाट न अडवता हात दिला, तर त्यातून सगळेच तरतात.