तहाचा खडक

वेळण्याच्या खाडीच्या तोंडाशी तो काळा खडक दिसतोय ना मंडळी, त्याला आम्ही तहाचा खडक म्हणतो. ओहोटीला उघडा, भरतीला हातभर पाण्याखाली. फोटो जरूर काढा, पण त्याच्यापुढे हसत उभे राहू नका.

दोनशे वर्षांमागची गोष्ट. इंग्रज आणि फ्रेंच तिकडे विलायतेत एकमेकांच्या उरावर बसलेले, म्हणून इथल्या समुद्रातही गाठ पडली की तोफा. एक इंग्रज गलबत डोलकाठी दुरुस्त करायला आमच्या खाडीत थांबलं होतं, असं सांगतात. नारळी पौर्णिमा झाली आणि बाहेर एक फ्रेंच जहाज येऊन उभं राहिलं, पांढरं निशाण लावून.

परक्या जहाजाला वाट दाखवायचं काम आमच्या घराण्याचं. तेव्हा आमचा मूळपुरुष लखबा तांडेल होता. इंग्रज कप्तान त्याला म्हणाला, "निशाण खोटं आहे. घाल त्यांना खडकावर."

लखबा होडी घेऊन गेला. जहाजावरचं पाणी संपत आलं होतं, तरी एका म्हाताऱ्या खलाशानं म्हणे आधी त्याला पेलाभर दिलं. मग मोहोर उठवलेला सरकारी कागद दाखवला आणि आपलेच दोन्ही हात एकमेकांत गुंफले. लखबाला अक्षरओळख नव्हती. पण गुंफलेले हात अडाण्यालाही कळतात. त्याला कळलं होतं. तो पाणी प्यायला आणि जहाज खडकावर घालून स्वतः होडीतून परतला. का, तर साहेबाची मर्जी राखायला. दुसरं कारण मी जन्मभर शोधलं, सापडलं नाही.

अठरा माणसं बुडाली. आठ दिवसांनी टपालाचं गलबत आलं, तेव्हा कळलं की इंग्रज-फ्रेंचांचा तह चैत्रातच झाला होता. लखबानं खडकावर उभं राहून शपथ घेतली, "माझ्या वंशातला कुणी परक्याच्या हातचं पाणी पिणार नाही. आमची ती लायकी न्हाय."

वर्षभरात तह मोडला, पुन्हा लढाई जुंपली. गावात काही शहाणे म्हणतात, मग लखबाचं एवढं काय चुकलं? मला ते ऐकवत नाही. त्या दिवशी तह होता.

आजही आमच्या घरचा माणूस दुसऱ्याच्या होडीत कोरड्या घशानं बसतो. नात म्हणते, "आजोबा, माफी मागून हे संपवा ना." कुणाची मागू? पाणी देणाऱ्याचं नाव लखबानं विचारलंच नव्हतं.