शह राजाला, मार हत्तीवर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. आधीच सांगून ठेवतो, गोष्ट हसण्याची नाही. लहानांनी मोठ्यांच्या जवळ सरकून बसावं, आणि मोठ्यांनी तर नीटच ऐकावं, कारण ती खरी त्यांच्यासाठीच आहे.

त्या राज्यात एक तरुण राजा होता. आईबाप लहानपणीच गेलेले. त्याला आणि त्याच्या धाकट्या भावाला विधवा आत्यानं वाढवलं, आणि तिनंच दोघांना बुद्धिबळ शिकवलं. एके दुपारी तिनं राजापुढे पट मांडला आणि आपला घोडा अडीच घरं टाकून अशा जागी बसवला, की एकीकडे त्याचा राजा माऱ्यात आला नि दुसरीकडे हत्ती.

"आता काय करशील?" आत्यानं विचारलं.

"राजाला शह आहे, म्हणजे राजाच हलवायला हवा."

"आणि हत्ती?"

"हत्ती गेला," राजा म्हणाला, आणि त्याचे डोळे चमकले.

त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. घोड्यानं, उंटानं, अगदी प्याद्यानंसुद्धा तो एका वेळी दोन मोहरे धरू लागला. भाऊ रोज हरायचा आणि हसत हसत पट आवरायचा. आत्या एकदा म्हणाली, "बाळा, मारणाऱ्याच्या बाजूनं शिकलास. आता पट फिरव, आणि ज्याच्यावर ही पाळी येते त्याच्या बाजूला बस."

"हरणाऱ्याच्या जागी बसून काय शिकायचं, आत्या?"

आत्या गप्प बसली. बसायला नको होतं. पण राजाला बोलणार कोण?

शेजारच्या राज्यात एक म्हातारा राजा होता. डोंगराच्या एका अंगाला त्याचा किल्ला, दुसऱ्या अंगाला भरलेली पेठ, आणि मधे खिंड. तरुण राजानं ती खिंड हेरली. भावाच्या हाताखाली घोडदळ देऊन त्याला तिथं बसवलं, कारण तिथून दोन्हीकडे उतरता येत होतं. म्हाताऱ्याचं सैन्य थोडं; एकच जागा राखता येणार. त्यानं किल्ला राखला. घोडदळ पेठेत उतरलं आणि पेठ जळाली. त्या पेठेत म्हाताऱ्याची एकुलती लेक नांदत होती. ती घरातच जळून गेली.

जिंकून आलेला भाऊ त्या दिवशी जेवला नाही. "दादा," तो म्हणाला, "पटावरचा हत्ती मेला की डब्यात जातो, आणि उद्या पुन्हा मांडता येतो. ही माणसं कशी मांडायची?"

"उगाच मनाला लावून घेऊ नकोस," राजा म्हणाला. "डाव आपला झाला ना?"

पण बाबांनो, अक्कल काही एकाच घरी पाणी भरत नाही. म्हाताऱ्यालाही पट येत होता. पुढल्या हिवाळ्यात राजाचा भाऊ सीमेवर शिकारीला गेला असताना म्हाताऱ्यानं त्याला धरलं, आणि त्याला घेऊन तो थेट राजाच्या किल्ल्यासमोर येऊन उभा राहिला. मागच्या टेकडीपलीकडे धुळीचे लोट उठत होते. सैन्य केवढं आहे, याचा अंदाज लागेना. त्यानं निरोप धाडला, "भाऊ हवा असेल तर बाहेर येऊन सोडवून ने. पण तू बाहेर पडलास की माझं सैन्य किल्ल्यात शिरेल. दोन्ही राखता यायचं नाही."

राजा धावत आत्याकडे गेला. "आत्या, काहीतरी चाल सांग."

आत्या म्हणाली, "पटावर असतं तर सांगितलं असतं, राजा हलव आणि बाकीचं जाऊ दे. इथे दोघंही माझीच लेकरं आहेत. मला विचारू नकोस रे."

राजानं खूप विचार केला. शेवटी इतकी वर्षं हाताला जे वळण लागलं होतं, तेच त्यानं केलं. दार बंद ठेवलं.

उन्हं कलली, तेव्हा म्हाताऱ्यानं दारासमोर त्याच्या भावाचं मस्तक उतरवलं, घोडा वळवला आणि आला तसा निघून गेला. राजाचे स्वार टेकडीपलीकडे जाऊन पाहतात, तर सैन्य नव्हतंच. शेपटांना फांद्या बांधलेले बैल तेवढे धूळ उडवीत फिरत होते. किल्ला म्हाताऱ्याला नकोच होता. शह राजाला द्यायचा तो हत्ती मारण्यासाठी, हे त्या राज्यात राजाइतकं कुणाला कळत नव्हतं. आणि नेमकं त्याच दिवशी त्याला ते दिसलं नाही. किल्ल्यातले निम्मे स्वार बाहेर पडले असते, तरी भाऊ सुटला असता.

म्हाताऱ्याला त्याची लेक काही परत मिळाली नाही. आत्यानं राजाशी बोलणं टाकलं, आणि वर्षाच्या आत तीही गेली. राजानं पुढे पुष्कळ वर्षं राज्य केलं. त्याचा किल्ला कधी पडला नाही. त्याला महाराज म्हणणारे शेकडो होते, दादा म्हणणारं कुणी नव्हतं.

तात्पर्य : दुसऱ्याला कात्रीत धरणाऱ्यानं, त्याच कात्रीत आपलं कोण सापडेल ते आधी पाहावं.